बघ्यांची भूमिका

देवपुरांतील एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांत गेल्या हिवाळ्यांत विद्यार्थ्यांनीं हुतात्मा शिरीषकुमारावर एक एकांकिका केली. परीक्षक म्हणून आम्हांस पुढच्या रांगेंत बसविलें होतें, आणि परीक्षकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचें जें होतें तेंच आमचें झालें. नाटक संपेपर्यंत आम्ही दोष टिपीत राहिलों. दोष फारसे नव्हतेच. शिरीषकुमाराचें काम करणारा मुलगा गुणी होता. उच्चार स्वच्छ, हालचाल मोकळी, आणि मुख्य म्हणजे आवाज कोठें चढवावयाचा नाहीं हें त्याला कळत होतें. पोलीस अधिकाऱ्याच्या हातांतील बंदूक लांकडाचीच होती, पण ती रोंखली गेली तेव्हां सभागृह खरोखर चिडीचूप झालें. निशाण, मुलगा, बंदूक, आणि मग पडद्यामागून फटाक्याचा बार. टाळ्या पुष्कळ वेळ चालल्या. पहिलें बक्षीस आम्हीं त्याच एकांकिकेस दिलें.

चहाच्या वेळीं पहिल्या वर्षाच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीनें आम्हांस विचारलें, "सर, त्या वेळीं बाकीचे लोक काय करीत होते?" आम्हीं तिला सांगितलें कीं रंगमंच लहान, पात्रें सात, त्यांत बाकीचे लोक आणावयाचे कोठून? हें उत्तर तिला पटलें नाहीं, हें तिच्या चेहऱ्यावर दिसलें. घरीं येईपर्यंत तें आमच्याही मनांतून उतरलें होतें.

9 सप्टेंबर 1942 रोजीं नंदुरबारच्या रस्त्यावर जें घडलें तें खानदेशांतील शाळकरी मुलांस पाठ असतें. नंदुरबार तेव्हां पश्चिम खानदेश जिल्ह्यांत होतें आणि जिल्ह्याचें ठाणें धुळें. म्हणजे ही कथा आमच्या घरचीच. 'चले जाव' ठरावास महिना झाला होता. मुलांची मिरवणूक निघाली, पोलिसांनीं ती अडविली, गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता त्या दिवशीं पंधरा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हे चौघेही गेले. लोकांच्या तोंडीं जी हकीकत आहे ती अशी कीं, अधिकाऱ्यानें मिरवणुकींतील मुलींच्या दिशेनें नेम धरला तेव्हां शिरीष पुढें झाला आणि मारावयाचें तर मला मारा असें म्हणाला.

आतां एकांकिकेंत काय केलें होतें तें पाहा. तींत बंदूक पहिल्यापासून शिरीषकुमारावरच रोंखलेली होती. मुली रंगमंचावर नव्हत्याच. उरलेले चौघे शेवटच्या क्षणीं एका वाक्यांत, तेंही निवेदकाच्या तोंडून, आले आणि गेले. म्हणजे ज्या कृत्यामुळें ही कथा लोकांनीं जपून ठेविली, दुसऱ्यावर आलेल्या गोळीच्या वाटेंत स्वतः जाऊन उभें राहणें, नेमकें तेंच कृत्य नाटकांतून गळलें. हुतात्मा उरला, मध्यें पडणारा मुलगा नाहींसा झाला. आणि एवढी मोठी वजाबाकी आमच्यासारख्या तीस वर्षें नाटकें शिकविणाऱ्या परीक्षकाच्या ध्यानांत आली नाहीं, कारण आम्हीही सगळा वेळ बंदुकीकडेच पाहत होतों. दोष त्या मुलांचा मानूं नये. आमच्या कथाकारांनीं, नाटककारांनीं आणि वर्तमानपत्रकारांनीं असले प्रसंग सांगण्याची जी रीत पाडून ठेविली आहे, तीच त्यांनीं गिरविली.

भांडणाच्या जागीं उभ्या असलेल्या माणसास मराठींत दोन शब्द लागूं शकतात. एक तटस्थ, म्हणजे कांठावर उभा असलेला. दुसरा मध्यस्थ, म्हणजे मध्यें उभा असलेला. पहिला शब्द आम्हां टीकाकारांनीं स्वतःच्या गौरवार्थ वापरून वापरून गुळगुळीत केला आहे. दुसरा लग्नें जुळविणाऱ्यांच्या आणि जमिनीचे सौदे करणाऱ्यांच्या वांट्यास गेला. 'मध्यें पडणें' या प्रयोगांत पडण्याची धास्ती आधींच भरलेली आहे, आणि 'कोणाच्या भांडणांत मध्यें पडूं नकोस' हा उपदेश आपल्या घरांतून मुलांस डब्याबरोबर बांधून दिला जातो. आम्हींही तो दिला आहे.

जुन्या वाङ्मयांत मध्यें पडणारीं माणसें नाहींत असें नाहीं. आपण त्यांस विसरलों आहोंत. द्यूतसभेंतील प्रसंग घ्या. द्रौपदीच्या प्रश्नास उत्तर न देतां खालीं मान घालून बसलेले भीष्म आणि द्रोण सर्वांस आठवतात, आणि वस्त्रें पुरविणारा श्रीकृष्णही आठवतो. या दोन टोंकांच्या मध्यें विकर्ण उभा आहे. तो धृतराष्ट्राचाच मुलगा, सभेंतील ज्येष्ठांपुढें लहान, आणि तरी उठून म्हणतो कीं ही जिंकली गेलेली नाहीं. कर्ण त्याला पोरसवदा ठरवून खालीं बसवितो. विकर्णाच्या बोलण्यानें कांहीं थांबलें नाहीं, आणि म्हणूनच कीर्तनकारांस त्याचा उपयोग वाटला नसावा. चमत्कार किंवा शरमिंधें मौन, या दोहोंच्या दरम्यान जें एक साधें 'हें बरोबर नाहीं' असतें तें रंगवून सांगावयास कठीण.

परंतु बघ्यांचा खरा अभ्यास पाहावयाचा असेल तर शूद्रकाकडे जावें. 'मृच्छकटिका'च्या दुसऱ्या अंकांतील जुगाऱ्यांचा प्रवेश आपण विनोदी म्हणून वाचतों, शिकवितांना भराभर उरकतों, आणि वसंतसेनेकडे वळतों. आम्हीं स्वतः कित्येक वर्षें हेंच केलें. प्रसंग असा. संवाहक नांवाचा एक मनुष्य जुगारांत दहा सुवर्ण हरला आहे. जुगारघराचा मालक माथुर त्याला भर रस्त्यांत धरून मारतो आहे. स्वतःला वीक आणि पैसे दे, असा त्याचा तगादा. संवाहक जाणाऱ्यायेणाऱ्यांस हांक मारतो, दहा सुवर्णांस मला विकत घ्या म्हणून विनवितो. लोक उत्तर न देतां निघून जातात. शूद्रकानें त्यांस एकही वाक्य दिलेलें नाहीं, शिवीही दिलेली नाहीं. ते नुसते जातात. पंधराशें वर्षांपूर्वींच्या त्या उज्जयिनीच्या रस्त्यावर आम्हांस आमच्या ओळखीचे पुष्कळ लोक दिसतात.

मग दर्दुरक येतो. हा कांहीं वीर नाहीं. हाही जुगारीच; अंगावरचें वस्त्र फाटकें; माथुर समोर दिसतांच आपणांस कोणी ओळखूं नये म्हणून तो प्रथम तोंड झांकून घेतो. टीकाकारांनीं येथें थांबावयास हवें होतें. मध्यें पडणारा मनुष्य पहिली गोष्ट करतो ती लपण्याची! पण निसटावयास वाट नाहीं, आणि समोर माणसाचें रक्त निघतें आहे. तेव्हां तो बोलूं लागतो. प्रथम माथुराशीं हिशेबाची भाषा, कीं दहा सुवर्णांसाठीं पांच इंद्रियांचा मनुष्य मोडून टाकतोस काय, मग चेष्टा, मग बाचाबाची, आणि शेवटीं माथुराच्या डोळ्यांत मूठभर धूळ फेंकून तो संवाहकास खूण करतो. संवाहक पळतो. त्यानंतरचें दर्दुरकाचें स्वगत तर फारच खरें आहे. शहरांतील बड्या माणसाशीं वैर झालें, आतां येथें राहतां येणार नाहीं, असें म्हणून तो गांव सोडून आर्यकाकडे निघून जातो. मध्यें पडण्याची किंमत मध्यें पडण्याच्या वेळीं भरावी लागत नाहीं. ती दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, हें शूद्रकास ठाऊक होतें.

त्या मुठीभर धुळीवर सगळें नाटक उभें आहे. सुटलेला संवाहक वसंतसेनेच्या घरांत शिरतो, ती त्याचें ऋण फेडते, तो भिक्षु होतो; आठव्या अंकांत शकारानें गळा दाबून टाकलेल्या वसंतसेनेस तोच सांवरतो; आणि तिला घेऊन तो वेळेवर वध्यस्थानीं पोंचतो म्हणून चारुदत्ताचा प्राण वांचतो. दर्दुरक मात्र पुन्हां रंगमंचावर येत नाहीं. त्याला कोणी बक्षीस देत नाहीं.

आधुनिक मराठी नाटकांत बघ्यांचें सामर्थ्य ओळखलें तें तेंडुलकरांनीं. डिसेंबर 1972 मध्यें पुण्यास रंगमंचावर आलेल्या 'घाशीराम कोतवाला'ची ओळ करून उभ्या राहिलेल्या ब्राह्मणांची भिंत ही आपल्या रंगभूमीवरील एक मोठी कल्पना आहे, याविषयीं दुमत नसावें. माणसें पाठ फिरवितात आणि भिंत होते. तोंड फिरवितात आणि गर्दी होते. याच भिंतीसमोर निरपराध ब्राह्मणाचे हात भाजले जातात, आणि हीच माणसें शेवटीं घाशीरामावर दगड घेऊन धांवतात. पण त्या भिंतींतून एकही वीट निखळत नाहीं. नाटककाराचा हेतु पाहतां तें योग्यच म्हणावें लागेल. तरी आमची तक्रार अशी कीं, तेव्हांपासून आमच्या लेखकांनीं भिंत तेवढी घेतली. समाज हा भ्याड असतो, हें एकदां ठरवून टाकलें कीं लेखकास पुढें कांहीं पाहावें लागत नाहीं.

आतां एक खरा खटला घेऊं. देवपुरांतून जाणारा जुना आग्रा रोड उत्तरेस सातपुडा ओलांडून इंदुरास जातो आणि दक्षिणेस मुंबईस. या रस्त्याच्या दोन टोंकांस जोडणारी जी एक हकीकत आमच्या वाडवडिलांनीं वर्तमानपत्रांतून घांस गिळणें विसरून वाचली, ती बावला खून प्रकरणाची. 12 जानेवारी 1925 च्या सायंकाळीं मुंबईंत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या तरुण व्यापाऱ्याची मोटार अडविण्यांत आली. बरोबर मुमताज बेगम होती. ती इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांचा आश्रय सोडून आलेली, आणि तिला परत पळवून नेणें हा हल्लेखोरांचा हेतु. पिस्तुलाच्या गोळ्यांनीं बावला प्राणास मुकला. मुमताजच्या चेहऱ्यावर चाकूचे वार झाले. इतक्यांत विलिंग्डन क्लबांतून गोल्फ खेळून परतणारे कांहीं गोरे लष्करी अधिकारी वाट चुकून त्या रस्त्यास आले. त्यांतील लेफ्टनंट सेगर्ट गोल्फची काठी घेऊन पिस्तुलवाल्यांवर धांवले. त्यांस गोळी लागली. तरी मुमताजला नेतां आलें नाहीं, आणि हल्लेखोरांपैकीं कांहीं तेथेंच सांपडले. पुढें न्यायमूर्ति क्रंप यांच्यापुढें खटला चालला, आरोपींपैकीं सरदार आनंदराव फणसे यांच्या बाजूनें बॅरिस्टर जिना उभे राहिले, तिघांस फांशीची शिक्षा झाली, आणि फेब्रुवारी 1926 मध्यें महाराजांनीं गादी सोडली.

या प्रकरणावर त्याच वर्षीं 'कुलीन कांता' हा मूकपट निघाला. पुढेंही लेख, पुस्तकें निघत राहिलीं. त्यांतील बहुतेकांचा रस संस्थानिक, नर्तकी आणि वकिलांच्या उलटतपासणींत. गोल्फची काठी एका वाक्यांत येते, आणि तें वाक्य इंग्रजांच्या मर्दुमकीचें प्रशस्तिपत्र होऊन जातें. सेगर्ट यांचें धैर्य आम्ही तिळभरही कमी करूं इच्छीत नाहीं; गोळी लागल्यावर काठी चालविणें ही कांहीं गंमत नव्हे. परंतु टीकाकारानें एक प्रश्न विचारलाच पाहिजे. त्या सायंकाळीं तोच रस्ता चुकून एखादा गिरगांवांतला कारकून तेथें आला असता तर? पिस्तुलाची भीति त्याला आणि सेगर्टला सारखीच. पण सेगर्टला नंतरची भीति नव्हती. उद्यां फौजदार आपणांसच चौकींत बसवून ठेवील, साक्षीसाठीं रजा बुडेल, नोकरी जाईल, हल्लेखोर ज्याचे आहेत तो राजा आपल्या गांवच्या भावास गांठील, यांतलें कांहींही त्याच्या मनास शिवण्याचें कारण नव्हतें. 1878 च्या शस्त्रकायद्याखालीं हिंदी माणसास हत्यार बाळगण्यास परवाना लागे आणि मूळ नियमांत युरोपियनांस सूट होती, हें सर्व जाणतात. पण त्या दिवशीं सेगर्टच्या हातीं चाललें तें हत्यार नव्हतें, खेळण्याची काठी होती. सूट होती ती या नंतरच्या भीतीपासून. दर्दुरकास गांव सोडावें लागलें. सेगर्टला लागलें नाहीं. आमच्या कथाकारांनीं हा फरक सांगितला असता तर आपल्या कारकुनाचें भित्रेपण आणि साहेबाचें शौर्य यांचा हिशेब थोडा निराळा लागला असता.

कायदा तरी कारकुनाच्या विरुद्ध होता काय? नव्हता. 1860 च्या दंडसंहितेच्या 97 व्या कलमानें दुसऱ्याच्या शरीराचें रक्षण करण्याचाही हक्क प्रत्येकास दिला होता, आणि पळवून नेण्याच्या हेतूनें हल्ला होत असेल तर 100 व्या कलमानें तो हक्क हल्लेखोराच्या प्राणापर्यंत पोंचत होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत 35 आणि 38 या कलमांनीं तो तसाच चालूं ठेविला आहे. हें आम्ही वर्गांत सांगितलें तेव्हां साठांपैकीं एकाही विद्यार्थ्यास ठाऊक नव्हतें. त्यांस ठाऊक होता तो ऑक्टोबर 2011 मधील अंधेरीचा प्रसंग, मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांस अडविणाऱ्या दोन तरुणांस भर रस्त्यांत चाकूनें मारलें गेलें तो. आणि त्याबरोबर त्यांनीं पाठ केलें होतें तें एक वाक्य: कोणी मदतीस येत नाहीं.

हें वाक्य जगभर पसरलें आहे, आणि त्याचा उगमही एका वाईट रीतीनें सांगितलेल्या कथेंतच आहे. 1964 च्या मार्च महिन्यांत न्यूयॉर्क शहरांत किटी जिनोव्हीज या तरुणीचा रात्रीं खून झाला. 38 शेजाऱ्यांनीं तो खिडकींतून पाहिला आणि कोणी हाललें नाहीं, असें एका मोठ्या वर्तमानपत्रानें छापलें. त्यावर प्रयोग झाले, सिद्धान्त निघाले, पाठ्यपुस्तकें झालीं. पुढें शोध घेतां दिसलें कीं 38 हा आंकडा फुगविलेला होता. बहुतेकांनीं पाहिलें असें कांहीं नव्हतें, कांहींनीं ओरड ऐकली, एकानें खिडकींतून हटकलें, आणि एक शेजारीण खालीं धांवत येऊन अखेरपर्यंत तिला कवटाळून बसली. ती शेजारीण मूळ बातमींत नव्हती. तेथील एकांकिकेंतही बाकीचे लोक गळले होते म्हणावयाचे!

2019 मध्यें अॅम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन या तीन शहरांतील रस्त्यांवरच्या भांडणांचीं 219 चित्रणें तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रस्त्यांवरील कॅमेऱ्यांनीं टिपलेलीं तीं चित्रणें. नट कोणी नाहीं. त्यांत दहांपैकीं नऊ भांडणांत निदान एक तरी बघ्या मध्यें पडलेला आढळला, आणि बघे जितके अधिक तितकी कोणीतरी मध्यें पडण्याची शक्यता अधिक. तें मध्यें पडणें तरी कसलें? हात धरणें, अंग मध्यें घालणें, एकाला बाजूस नेणें, पडलेल्यास उठविणें. यांत पोवाडा रचण्याजोगें कांहीं नाहीं. परदेशचीं तीन शहरें म्हणजे आपलें धुळें नव्हे, हें मान्य. पण आपल्याकडे कोणीं मोजलेलेंच नसतां 'कोणी येत नाहीं' हें आपण इतक्या खात्रीनें कोणत्या आधारावर म्हणतों?

यावर आमचे कांहीं तरुण मित्र म्हणतात, बघ्यांच्याही हातीं बंदूक द्या, मग ते मध्यें पडतील. अमेरिकेंत असें झालेलें आहे, आणि एकाच रीतीनें झालेलें नाहीं. जुलै 2022 मध्यें इंडियाना प्रांतांतील एका बाजारपेठेंत गोळीबार करणाऱ्यास एका 22 वर्षांच्या ग्राहकानें आपल्या पिस्तुलानें थांबविलें. त्याच्या वर्षभर आधीं, जून 2021 मध्यें, कोलोरॅडोंतील आर्व्हाडा गांवीं असेंच एकानें हल्लेखोरास गोळी घालून पाडलें, आणि पाठोपाठ आलेल्या पोलिसानें त्यालाच हल्लेखोर समजून ठार केलें. बंदूक हातांत आली कीं मध्यस्थाचा चेहरा बदलतो. दुरून पाहणाऱ्यास तो ओळखूं येत नाहीं. ऑर्वेलनें ब्रह्मदेशांतील हत्तीच्या शिकारीवर 1936 मध्यें जो निबंध लिहिला त्यांतही हेंच आहे. बंदूक घेऊन उभ्या असलेल्या गोऱ्या अंमलदारास हत्ती मारावयाचा नसतो. पण मागें हजारों डोळे लागलेले असतात, आणि त्या डोळ्यांपुढें त्याला मागें फिरतां येत नाहीं. आम्ही हा निबंध साम्राज्यशाहीवरील म्हणून शिकवितों. तो बघ्यांवरीलही आहे. पाहणाऱ्यांची नजर ही बंदुकीच्या चापावरचें दुसरें बोट असते.

चेखॉव्हचा नियम प्रसिद्धच आहे: पहिल्या अंकांत भिंतीवर बंदूक दिसली तर ती पुढें उडालीच पाहिजे. नाटकांत हें ठीक. रस्त्यावरच्या शहाण्या बघ्याची सगळी कला मात्र दिसलेली बंदूक उडूं न देण्यांत असते, आणि म्हणूनच ती कला आमच्या नाटकांत मावत नाहीं.

येथें आम्हांस स्वतःचा एक गुन्हा कबूल केला पाहिजे. चोपड्याच्या हद्दीपलीकडे, मध्य प्रदेशांत मोडणारें उमर्टी हें गांव बेकायदा गांवठी पिस्तुलांसाठीं बदनाम आहे; तिकडचा 'कट्टा' जळगांव-धुळ्याच्या पोलिसांच्या बातम्यांत वारंवार येतो. तो प्रत्यक्ष पाहण्याचा योग आम्हांस कांहीं वर्षांपूर्वीं देवपुरांतच आला. संध्याकाळची वेळ, रस्त्याच्या कडेस भाजीवाल्या बसलेल्या, आणि दोन मोटारसायकली एकमेकींस घांसल्या. शिवीगाळ झाली, गचांडी धरली गेली, आणि त्यांतील एका पोरानें सदरा वर करून कमरेचा कट्टा दाखविला. तीसएक माणसें उभीं होतीं. त्यांत पिशवी घेतलेले आम्हीही होतों. कोणी हललें नाहीं. आमच्या मनांत पहिला विचार आला तो हा कीं आपली स्कूटर आडवी लागली आहे, निघतां येणार नाहीं.

मोटारसायकलीच्या धक्क्यानें एका म्हातारीची टोपली उलथली होती. ती उठली, कट्टेवाल्याच्या अगदीं पुढ्यांत गेली आणि म्हणाली, "कोना पोऱ्या शे रे तू? पहिले मना टमाटा येची दे." आवाजांत धैर्य वगैरे कांहीं नव्हतें, शुद्ध वैताग होता. पोरगा गोंधळला. सदरा खालीं आला. दुसऱ्या मोटारसायकलवाल्यास तेवढ्यांत दोघांनीं मागें ओढलें, एक रिक्षावाला टमाटे गोळा करूं लागला, आणि कट्टेवाला म्हातारीस कांहींतरी पुटपुटून निघून गेला. सगळें मिळून चार मिनिटें.

आम्हीं घरीं येऊन ही हकीकत सांगितली. शेजाऱ्यांस सांगितली. प्राध्यापकांच्या खोलींत दुसऱ्या दिवशीं दोनदां सांगितली. प्रत्येक वेळीं कट्टा थोडा मोठा झाला, गर्दी थोडी अधिक भेकड झाली, आणि आम्ही कट्ट्याच्या थोडे अधिक जवळ उभे राहिलों. म्हातारी एकाही वेळीं आली नाहीं. ती आठवली नव्हती असें नाहीं. तिच्यामुळें कथेचा रंग जात होता. पहिल्या दिवशीं सगळें ऐकून घेतल्यावर घरांतून एवढीच विचारणा झाली: "आणि भाजी कोठें आहे?" तेव्हां आम्हांस म्हातारीविषयीं सांगणें भाग पडलें, आणि मग मुलगी म्हणाली, "बाबा, मग गोष्ट तिचीच आहे कीं!" ही टीका आम्हीं तेव्हां हंसण्यावारी नेली. आम्हीं केलेली वजाबाकी आणि त्या एकांकिकेंतील वजाबाकी एकच आहे, हें कळावयास इतकीं वर्षें लागलीं.

म्हातारी नेहमीं जिंकते असें सुचविण्याचा आमचा विचार नाहीं. याच जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें, 1 जुलै 2018 रोजीं आठवड्याच्या बाजारीं मुलें पळविणारी टोळी आली अशी आवई उठली, आणि सोलापूर जिल्ह्यांतून भिक्षेसाठीं आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांस जमावानें ग्रामपंचायतीच्या कचेरींत ठेंचून मारलें. तेथें बंदूक नव्हती. मोबाइल होते, कांहीं हात मारीत होते आणि कांहीं हात चित्रण करीत होते. त्या दिवशीं तेथें कोणी 'थांबा' म्हणालें असेल काय? म्हणालें असेल तर कोण, कोणत्या शब्दांत, आणि तें कां चाललें नाहीं? एवढ्या वर्षांत या प्रसंगावर जें कांहीं आमच्या वाचनांत आलें त्यांत जमाव होता, बळी होते, आणि लेखकाचा संताप होता. विकर्णाचा शोध कोणीं घेतलेला आम्हांस दिसला नाहीं. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्रीं कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे आपणांस ठाऊक आहेत, आणि ठाऊक असावेतच. पण त्याच रात्रीं छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उद्घोषणेच्या खोलींतून न हालतां, प्रवाशांनीं कोठल्या बाजूनें बाहेर पडावें हें ध्वनिक्षेपकावर सांगत राहिलेले विष्णु झेंडे किती जणांस ठाऊक आहेत? एका आवाजानें किती माणसें वांचलीं याचें नाटक होऊं शकतें. आम्हीं तरी पाहिलेलें नाहीं.

त्या एकांकिकेचा पुन्हां प्रयोग व्हावयाचा आहे. मुलांनीं ती आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेस पाठविण्याचें ठरविलें. आम्हीं बक्षीस देऊन चुकल्यामुळें आमचा सल्ला मागण्यास ते आले, आणि आम्हीं त्यांस त्या विद्यार्थिनीकडे पाठविलें. आतां चार मुली मिरवणुकींत आल्या आहेत. लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम यांस नांवें आणि थोडीं वाक्यें मिळालीं आहेत. बंदूकवाला अधिकारी प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहतो, त्यामुळें बंदूक दिसत नाहीं. तिच्यासमोरचे चेहरे तेवढे दिसतात. रस्त्याच्या कडेचे दुकानदार म्हणून तिघांस उभें केलें आहे, आणि त्या तिघांनीं काय करावें हें कांहीं केल्या जुळत नाहीं. एका तालमींत ते फळ्या लावून आंत गेले. एका तालमींत एकानें लहान मुलास दुकानांत ओढून घेतलें. एकदां ते नुसते उभे राहिले. तिन्ही प्रकार खरे वाटले. ती विद्यार्थिनी अजून समाधानी नाहीं. गुरुवारीं पुन्हां तालीम आहे.